शोंगोलोलो ओळखायचा कसा? रंग सोडा, सातवं कडं बघा

माझा मावसभाऊ दार एस सलामला असतो, दोन वर्षांसाठी म्हणून गेला होता आणि आता तिकडचाच झालाय. तिकडे मार्च ते मे मोठा पाऊस असतो, मसिका म्हणतात त्याला, आणि त्या पावसात एक दिवस सकाळी सकाळी त्याचा व्हॉट्सॅपवर फोटो आला. अंगणात त्याची चप्पल, आणि चपलेशेजारी चपलेएवढाच लांब, काळा कुळकुळीत, जाड दोरखंडासारखा प्राणी. खाली मेसेज: "दादा ही गोम आहे का? एवढी मोठी? चावते का? मारू का?"

आधी मारू नको म्हणून सांगितलं आणि मग टायपायला बसलो, ते एवढं लांबलं की म्हटलं नीट लिहूनच काढू. कारण या प्राण्याबद्दल नेटवर जे फोटो आणि नावं फिरतात त्यातली निम्मी तरी अंदाजपंचे लावलेली असतात असं माझं मत आहे, आणि ते तसं का, हे त्याच्या शरीराची रचना समजली की आपोआप कळतं.

तर पहिली गोष्ट, ही गोम नाही. गोम चपटी, चपळ, शरीराच्या प्रत्येक भागाला पायांची एकच जोडी, आणि पहिल्या जोडीचे पाय बदलून विषाचे आकडे झालेले, त्यामुळे ती चावते आणि चांगलीच चावते. हा आपल्या वाणीच्या जातकुळीतला, म्हणजे मिलिपीड. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीवर, गोठ्यात, कपाशी-सोयाबीनच्या कोवळ्या रोपांजवळ जो दिसतो, हात लावला की गोल गुंडाळून नाण्यासारखा पडून राहतो, म्हणून ज्याला काही भागात पैसा म्हणतात, तोच. गंमत बघा, दक्षिण आफ्रिकेत या प्राण्याला शोंगोलोलो म्हणतात आणि तो शब्द झुलू-खोसा भाषांतल्या गुंडाळणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. त्यांनी गुंडाळण्याची क्रिया बघितली, आपण गुंडाळल्यावरचा आकार बघितला आणि त्यात पैसा दिसला, आता यावरून कोणाबद्दल काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. भाऊ राहतो तिकडे स्वाहिलीत त्याला जोंगो म्हणतात, आणि एक म्हण पण आहे, जोंगो फेकणारा ज्या काडीवर उचलला ती काडीही फेकतो. ती काडी का फेकतात ते पुढे येईलच.

भावाच्या फोटोतला प्राणी बहुतेक आर्किस्पायरोस्ट्रेप्टस गिगास असावा. नाव घाबरवणारं आहे पण गिगास म्हणजे राक्षस, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. विल्हेल्म पीटर्स नावाचा जर्मन निसर्गअभ्यासक १८४० च्या दशकात काही वर्षं मोझांबिकमध्ये होता, तिथून त्याने पोत्याने नमुने नेले आणि १८५५ साली या जातीचं वर्णन छापलं. राहायची जागा म्हणजे पूर्व आफ्रिकेचा सखल भाग, मोझांबिकपासून केनियापर्यंत, जंगलात आणि जिथे थोडीफार झाडं आहेत अशा किनारपट्टीवर, समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर सहसा नाही. पूर्ण वाढलेला एक फुटाच्या आसपास जातो. गिनीजच्या नोंदीत एक आहे तो ३८.७ सेंटीमीटर लांब, ६.७ सेंटीमीटर घेर आणि २५६ पाय. घेर ६.७ म्हणजे जाडी साधारण दोन सेंटीमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढी जाडी आणि शाळेतल्या मोठ्या फूटपट्टीपेक्षा जास्त लांबी. पाळला तर सात ते दहा वर्षं जगतो.

आता डोक्यापासून सुरू करू. डोकं गोलसर, खाली वळलेलं, त्याला दोन आखूड मिशा. या मिशा सतत जमिनीवर टपटप करत असतात, आंधळा माणूस काठी आपटत चालतो तशा, आणि टोकाला चार बारीक शंकू असतात त्यातून त्याला चव-वास कळतो. डोळे आहेत, पण एकेक साध्या डोळ्याचे ठिपके जमून झालेला डाग म्हणावा असे, उजेड-अंधार कळण्यापुरते, चेहरा वगैरे ओळखायची अपेक्षा ठेवू नका. तोंडात पानं कुरतडायचे जबडे, आणि खालच्या बाजूने तोंड बंद करणारी एक पट्टी, खालचा ओठच समजा. विषाचा दात नाही, नांगी नाही, काही नाही. खातो काय तर कुजकं लाकूड, सडलेली पानं, पडलेली फळं.

अंग सगळं बांगड्यांसारख्या कड्यांचं बनलेलं असतं, त्यातलं डोक्याच्या मागे जे पहिलं कडं असतं त्याला कॉलम म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मान. दिसायला शर्टाच्या कॉलरसारखंच, वरून घातलेलं आणि दोन्ही बाजूंनी खाली आलेलं. याला पाय नसतात. आणि हे पहिलं कडं नीट ओळखता येणं फार महत्त्वाचं आहे, कारण पुढे सगळी मोजणी इथून होते, इथे एक चुकलात की सगळंच एकाने चुकलं.

मग दुसरं, तिसरं, चौथं कडं, यांना पायांची एकेकच जोडी. आणि पाचव्यापासून प्रत्येक कड्याला दोन दोन जोड्या. हाच मिलिपीडचा खरा ट्रेडमार्क, त्यांच्या गटाचं शास्त्रीय नाव डिप्लोपोडा हे यावरूनच आहे. पण खरं सांगायचं तर ते एक कडं नसतंच, दोन कडी एकमेकांत वितळून एक झालेली असतात, आणि हे कशावरून तर आत बघितलं की सगळं डबल सापडतं, पायाच्या दोन जोड्या, श्वासाच्या भोकांच्या दोन जोड्या, मज्जातंतूंच्या गाठी दोन जोड्या, पाठीतून जाणाऱ्या नळीसारख्या हृदयाला रक्त आत घेणारी भोकंसुद्धा दोन जोड्या. बाहेरून टूबीएचके दिसतो पण आत दोन मीटर, दोन किचन, मधली भिंत पाडलेली. सगळ्यात शेवटचं कडं बिनपायाचं, तिथे दोन झडपा असतात त्या विष्ठेच्या वेळी उघडतात.

म्हणजे पायांचा हिशोब असा लागतो. समजा ६५ कडी आहेत. पहिलं आणि शेवटचं बिनपायाचं, तिघांना एकेक जोडी म्हणजे तीन, उरलेल्या साठांना दोन दोन म्हणजे १२०. झाल्या १२३ जोड्या, २४६ पाय. सहस्रपाद वगैरे नाव देऊन आपण उगाच त्याला फुगवलंय. खरोखर हजाराच्या वर पाय असलेला एक मिलिपीड आहे, पण तो ऑस्ट्रेलियात जमिनीच्या खूप खाली राहणारा, दोऱ्यासारखा बारीक, २०२१ साली त्याचं वर्णन झालं आणि त्याला १३०६ पाय मोजले. आपला गिगास त्याच्यापुढे पायांच्या बाबतीत गरीबच.

कडं बनतं कसं ते पण बघण्यासारखं आहे. इतर काही मिलिपीडमध्ये पाठीची पट्टी, बाजूच्या पट्ट्या आणि पोटाची पट्टी वेगवेगळ्या असतात, गिगासच्या गटात त्या सगळ्या जुळून एक पक्की बांगडी झालेली असते. प्रत्येक बांगडीचा पुढचा अर्धा भाग किंचित अरुंद आणि तो पुढच्या बांगडीच्या आत सरकतो, मागचा अर्धा भाग बाहेर दिसतो. जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल आठवते का, एकात एक सरकणारी? तसंच. त्यामुळे गुंडाळताना पाठीकडची बाजू ताणली जाते आणि पोटाकडची बाजू आत सरकते आणि प्राणी घड्याळाच्या स्प्रिंगसारखा वेटोळं होतो, डोकं मध्ये, पाय आत, बाहेर फक्त चिलखत. आणि चिलखत म्हणजे चिलखतच, त्यात चुना असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून मेलेल्या वाणीवर पाय पडला तर अंड्याचं टरफल फुटल्यासारखा आवाज येतो.

एवढं भक्कम चिलखत पण त्यात एक मोठी गोची आहे. किड्यांच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो त्याने अंगातलं पाणी टिकतं, मिलिपीडमध्ये तो थर नाहीच म्हणावा इतपत असतो, आणि पायांच्या बुडाशी जी श्वासाची भोकं असतात ती त्याला किड्यांसारखी घट्ट बंद करता येत नाहीत. म्हणजे नळ सतत थोडा चालूच. म्हणून हा प्राणी पावसात बाहेर, रात्री बाहेर, आणि कोरड्या दिवसात पालापाचोळ्याखाली नाहीतर जमिनीत. भावाला तो मसिकातच दिसला यात नवल काहीच नाही, आपल्याकडे पण मृग लागला की हे सगळे भिंतीवर हजर होतात ना, त्याचं कारण तेच.

आता ती काडी. सहाव्या कड्यापासून मागे जवळजवळ प्रत्येक कड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक भोक असतं, टाचणीच्या टोकाएवढं, नीट बघितलं तर अंगाच्या बाजूने ठिपक्यांची ओळ दिसते. आत ग्रंथी असते. फार छेडलं की त्यातून पिवळट-तपकिरी द्रव येतो, त्यात बेंझोक्विनोन प्रकारची रसायनं असतात, वास उग्र, मुंग्यांपासून पक्ष्यांपर्यंत सगळ्यांना तोंड वाकडं करायला लावणारा. आपल्या कातडीवर लागलं तर तपकिरी-जांभळट डाग पडतो, ओल्या काजूच्या चिकाचा डाग ज्यांनी अनुभवलाय त्यांना कल्पना येईल, धुऊन जात नाही, काही दिवसांनी आपला आपण जातो. डोळ्यात गेलं तर मात्र खूप चुरचुरतं, तेव्हा हात लावला असेल तर साबणाने धुवा आणि तोपर्यंत डोळे चोळू नका, मुलांना तर नक्की सांगा. म्हणून जोंगो काडीने उचलायचा आणि काडीसकट फेकायचा. व्हेनेझुएलातली कॅपुचिन माकडं मात्र उलट करतात, तिकडचा एक मिलिपीड पकडून मुद्दाम अंगाला चोळतात, का तर त्या क्विनोनने डास जवळ येत नाहीत. ओडोमॉस, पण चालतं-फिरतं.

चालण्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका जोडीतले डावा-उजवा पाय एकदमच उचलले जातात, आपल्यासारखे आलटून पालटून नाही, आणि मग ती लाट अंगावरून मागून पुढे जाते, शेतातल्या गव्हावरून वारा जातो तशी. वेग काही नाही. पण एका वेळी भरपूर पाय जमिनीला टेकलेले असल्यामुळे ढकलायची ताकद प्रचंड, डोकं आणि कॉलर खाली घालून तो मातीत, कुजक्या पानांच्या ढिगात घुसतो, अक्षरशः बुलडोझर. दोन जोड्यांची कडी होण्यामागे हाच फायदा असावा असं मानतात, थोड्या लांबीत जास्त पाय आणि मध्ये वाकणारे सांधे कमी, म्हणजे ढकलताना अंग मधेच मुडपत नाही.

आणि वाढणं. मिलिपीडचं पिल्लू बहुतेक वेळा पायांच्या तीनच जोड्या घेऊन बाहेर येतं, कडीही थोडीच. मग प्रत्येक वेळी कात टाकताना मागच्या टोकाशी नवीन कडी जोडली जातात, ती आधी बिनपायाची, पुढच्या कातीला त्यांना पाय फुटतात आणि त्यांच्या मागे आणखी नवीन बिनपायाची. ट्रेनला मागून डबे जोडत जावेत तसं. कात टाकायला तो जमिनीत खोली करून बसतो, त्या काळात अंग अगदी मऊ आणि असहाय, आणि झाल्यावर जुनी कात खाऊन टाकतो, कारण एवढा चुना परत कुठून आणणार. पाळणाऱ्यांची हमखास चूक इथे होते, आठवडाभर दिसला नाही की माती उकरतात, आणि नेमकी ती खोली फोडतात.

पण याचा अर्थ काय होतो ते लक्षात आलं का? कड्यांची संख्या वयाप्रमाणे बदलते, पायांची संख्या बदलते, लांबी तर बदलतेच. म्हणजे ज्या गोष्टी आपण पहिल्यांदा मोजायला जातो त्या ओळख पटवायला फारशा कामाच्या नाहीत. आणि रंग? पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत काळे-तपकिरी, जाड, लांब मिलिपीड एक नाही अनेक आहेत. डोराटोगोनस म्हणून दक्षिणेकडची एक प्रजातीच, म्हणजे जवळच्या जातींचा गटच, आहे, तीही मोठी, तीही काळी. फोटोखाली जायंट आफ्रिकन मिलिपीड लिहिलं की झालं गिगास, असं नसतं हो.

मग करायचं काय? टप्प्याटप्प्याने जायचं. पहिला टप्पा चेहरा. चेहऱ्याच्या मधोमध वरून खाली उभी रेघ, शिवण घातल्यासारखी ठसठशीत दिसली तर तो स्पायरोबोलिडा गटातला. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर लाल पायांचा चकचकीत काळा मिलिपीड असतो, एपिबोलस पल्क्रिपेस, तो या गटातला, पाय इतके लालभडक की तिथे तरी रंग उपयोगी पडतो. आपल्या बागांमधला लालसर तपकिरी वाणी, ट्रायगोनिउलस कोरॅलिनस, तोही याच गटात. तशी शिवण नाही, अंग लांबलचक, गुळगुळीत, तर स्पायरोस्ट्रेप्टिडा. गिगास यातला. याच मोठ्या गटातलं एक कुटुंब आपल्या बाजूला पण आहे, हार्पागोफोरिडी, दक्षिण आणि आग्नेय आशियात पसरलेलं, म्हणजे आपले काही लांब काळे वाणी या राक्षसाचे लांबचे चुलतभाऊ लागतात.

दुसरा टप्पा कॉलर. तिच्या बाजूच्या टोकांचा आकार, त्यावरच्या घड्या किंवा चरे, ते नर-मादीत पण वेगळे असू शकतात. कड्यांवर बारीक रेघा आहेत का, कुठून कुठपर्यंत. यातून यादी लहान होते, पण संपत नाही.

तिसरा आणि खरा टप्पा पोटाखाली, सातव्या कड्यावर. नराच्या सातव्या कड्यावर चालायचे पाय नसतातच. पुढच्या जोडीचं रूपांतर गोनोपॉडमध्ये झालेलं असतं, म्हणजे मीलनाचे अवयव, आणि गिगासच्या कुटुंबात मागची जोडी जवळजवळ नाहीशीच झालेली असते. त्यामुळे उलटा धरून बघितलं की पायांच्या रांगेत एक स्पष्ट गाळा दिसतो, दात पडल्यासारखा. व्यवस्था अशी विचित्र की नराचं बीज बाहेर येतं ते दुसऱ्या जोडीच्या पायांजवळ, पण मादीला द्यायचं सातव्या कड्यावरच्या अवयवाने. म्हणजे आधी अंग वाकवून इथलं तिथे भरून घ्यायचं, मग मादीच्या दुसऱ्या जोडीच्या पायांमागे जी लपलेली जननछिद्रं असतात तिथे पोचवायचं. पेट्रोल एका पंपावर, गाडी दुसरीकडे, मध्ये कॅन घेऊन फिरा, तसला प्रकार.

या गोनोपॉडचा आकार जातीगणिक वेगळा असतो, बुडाला पानासारखे दोन पडदे आणि त्यातून निघून वळणारी लांब, पातळ, पट्टीसारखी शेपटी, तिला कुठे काटा आहे, कुठे पीळ आहे, टोक कसं आहे, ते सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कुलूप-किल्लीच म्हणा. बाहेरून जुळे वाटणारे दोन मिलिपीड या एका अवयवावरून वेगळे निघतात, आणि वेगळ्या रंगांचे दोन कधी एकच निघतात. आर्किस्पायरोस्ट्रेप्टस ही प्रजाती सिल्व्हेस्ट्री या इटालियन तज्ज्ञाने १८९५ साली मांडली, पण तिच्यात नक्की कोण कोण बसतं याची नीट छाननी तारोम्बेरा म्वाब्वू आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छापली, आणि त्यात काहींना बाहेर काढून नवीन प्रजाती करावी लागली. म्हणजे शंभरहून जास्त वर्षं तज्ज्ञांच्या कपाटातसुद्धा सरमिसळ होती, आपण इन्स्टावरच्या फोटोवरून काय सांगणार.

आणि मादीचं काय? तिला गोनोपॉड नाही. सातव्या कड्यावर तिचे पाय इतर कड्यांसारखेच, रांग अखंड. लहान नराचं पण तसंच फसवं, त्याचा गोनोपॉड अजून पूर्ण तयार झालेला नसतो. त्यामुळे मादी किंवा पिल्लू असेल तर सापडण्याची जागा, अंगाची ठेवण, आणि जमल्यास त्याच जागी सापडलेला नर, यावरच भिस्त.

एक राहिलंच. अशा मोठ्या मिलिपीडच्या पायांमध्ये, कड्यांवर बारीक फिकट किडे पळताना दिसतात, ते माइट्स. बघून लोक घाबरतात, आजारी आहे म्हणून ब्रशने घासत बसतात. बरेचसे माइट्स नुसते भाडेकरू असतात, त्याला त्रास देत नाहीत, अंगावरची घाण खातात असं म्हणतात. राहू द्या.

तर भावाला मी एवढं सगळं पाठवलं आणि सांगितलं की आता काचेच्या डिशवर ठेव, खालून फोटो काढ, कॉलरपासून मोज, सातवं कडं दाखव. हात नको लावू, काडी वापर. अर्ध्या तासाने फोटो आला, जरा हललेला होता पण पाय मोजता येत होते. एक, दोन, तीन करत सातपर्यंत गेलो. रांग अखंड, गाळा नाही. एवढी मोठी म्हणजे पिल्लू असायचं कारण नाही, मादीच. मी लिहिलं, "मादी आहे, त्यामुळे बहुतेक गिगास, पण सही करून देणार नाही." त्याचं उत्तर आलं, "ठीके दादा, सोडली आंब्याखाली. काडी पण फेकली."